वीस टनांचे घर आणि मोटारीचा परवाना

उन्हाळ्यात अमेरिकेतील मुलाकडे किंवा मुलीकडे जाऊन येणारे सेवानिवृत्त शिक्षक आणि कारकून आता पुण्या-नाशिकात दुर्मिळ राहिलेले नाहीत. अशाच एका परिचित मुख्याध्यापकांनी परत आल्यावर यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांविषयी सांगण्याऐवजी एका भाड्याच्या गाडीविषयीच अधिक सांगितले. मुलाने आठवडाभरासाठी तीस फूट लांबीचे मोटारघर घेतले होते. आत निजावयास जागा, गॅसची शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, शौचालय, सारे काही. भाड्याच्या कचेरीतील माणसाने मुलाचा परवाना पाहिला. तो नेहमीच्या मोटारीचाच होता. एक छोटी चित्रफीत दाखविण्यात आली आणि किल्ल्या हाती पडल्या. "एवढ्या मोठ्या गाडीत मी जन्मभरात बसलो तो फक्त एस.टी.च्या," मुख्याध्यापक म्हणाले, "आणि एस.टी.च्या चालकाच्या छातीवर बिल्ला असतो. आमच्या चिरंजीवांनी त्या दिवसापर्यंत मोटारीहून मोठे काही चालविलेले नव्हते." पहिल्याच पेट्रोल पंपावर वळताना गाडीचा मागचा कोपरा खांबाला घासला. नुकसान किरकोळ होते. परंतु त्यांच्या मनात जो प्रश्न राहून गेला तो किरकोळ नाही. एवढे वाहन चालविण्यास माणूस पात्र आहे की नाही, हे तेथे पाहतो तरी कोण?

प्रश्न वरवर परक्या देशाचा आणि हौशी माणसांचा वाटेल. ज्याला घर बरोबर घेऊन हिंडण्याची चैन परवडते त्याच्या परवान्याची चिंता आपण का करावी, असेही कोणी म्हणेल. परंतु परवाना म्हणजे नेमके काय, तो माणसाच्या कौशल्याचा दाखला आहे की त्याच्या धंद्याची नोंद, हा मूळ प्रश्न या चैनीच्या वाहनाने जितका उघडा पाडला आहे तितका मालमोटारीनेही पाडलेला नाही.

प्रथम या वाहनाची ओळख करून घेऊ. अमेरिकेत मोटारघरांचे तीन वर्ग मानतात आणि त्यांना ए, बी, सी अशी अक्षरे आहेत. सर्वांत मोठा वर्ग ए. त्यात बसगाडीच्या किंवा मालमोटारीच्या सांगाड्यावर सबंध घर उभारलेले असते. सर्वांत लहान मात्र सी नव्हे, तर बी. तो साध्या व्हॅनचा अवतार होय. सी हा मधला, ज्यात व्हॅनचा पुढचा भाग जसाच्या तसा ठेवून मागे खोली जोडतात आणि चालकाच्या डोक्यावर एक निजण्याचा माळा काढतात. वाहनचालकांच्या परवान्यांनाही तेथे हीच अक्षरे आहेत आणि त्यांचा या अक्षरांशी काडीचाही संबंध नाही. कॅलिफोर्नियात साध्या मोटारीच्या परवान्याला सी म्हणतात. त्यामुळे सी परवान्यावर ए वर्गाचे मोटारघर चालविता येते काय, असा प्रश्न तेथे गंभीरपणे विचारावा लागतो. ज्याने ही अक्षरे वाटली त्याला बाराखडी शिकविण्याची गरज होती.

मुख्याध्यापकांच्या मुलाने घेतलेले वाहन सी वर्गातले होते. अशी बहुतेक भाड्याची मोटारघरे फोर्ड कंपनीच्या ई-४५० या सांगाड्यावर असतात आणि त्याचे कमाल एकूण वजन १४,५०० पौंड, म्हणजे सुमारे साडेसहा टन धरलेले असते. हे झाले मधले वाहन. मोठ्याची गोष्ट वेगळी आहे. कॅनडातील केबेक प्रांतात प्रेव्हो नावाची कंपनी पंचेचाळीस फुटी बसचे कवच तयार करते. त्यातील काही कवचांत पन्नासाहून अधिक आसने बसवून ती प्रवासी कंपन्यांना जातात. काही कवचे मोकळीच घरबांधणी करणाऱ्यांकडे जातात, आणि तेथे त्यांत संगमरवरी ओटे, दूरदर्शन संच व कपडे धुण्याचे यंत्र बसते. चाके तीच, इंजिन तेच, हवेचे ब्रेक तेच. दोन्ही वाहने भरल्यावर वीस टनांच्या पुढे जातात. एकाच रस्त्यावर ती मागेपुढे धावत असतात.

आता या दोघांच्या चालकांकडे पाहा. प्रवासी बस चालविणाऱ्याला व्यावसायिक चालकाचा परवाना लागतो, त्यावर प्रवासी वाहतुकीचा वेगळा शेरा लागतो, हवेच्या ब्रेकसंबंधीची लेखी परीक्षा लागते. ७ फेब्रुवारी २०२२ नंतर नव्याने येणाऱ्याला नोंदणीकृत संस्थेत ठरावीक प्रशिक्षण घ्यावे लागते. वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षे चालते. मादक द्रव्यांची अचानक तपासणी होऊ शकते. रक्तातील मद्याची मर्यादा साध्या चालकाला ०.०८ टक्के, तर त्याला ०.०४ टक्के. मोटारघराच्या मालकाला, फ्लॉरिडासारख्या राज्यात, यांतले काहीही लागत नाही. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी वडिलांच्या मोटारीत बसून मिळविलेला परवाना पासष्टाव्या वर्षी या वीस टनांना पुरतो. निवृत्तीच्या वेतनातून किंवा घर विकून त्याने ते मोटारघर विकत घेतलेले असते. विक्रेत्याच्या आवारात अर्धा तास चक्कर मारली की शिक्षण संपले.

हे असे का, याचे उत्तर केवळ श्रीमंतांचा पक्षपात असे देणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. १९८६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने व्यावसायिक मोटारवाहन सुरक्षितता कायदा संमत केला. त्यापूर्वी परवाना हा सर्वस्वी राज्यांचा विषय होता, आणि अनेक राज्यांत साध्या मोटारीचा परवाना असलेला माणूस अठरा चाकांची मालमोटार कायदेशीरपणे चालवू शकत असे. त्याहून मोठे दुखणे दुसरेच होते. एकेक चालक चार-चार राज्यांचे परवाने खिशात बाळगी. एका राज्यात गुन्ह्यांची नोंद वाढली की दुसऱ्या राज्याचा परवाना पुढे करी. एका चालकाला एकच परवाना आणि त्याची एकच देशव्यापी नोंद, हे या कायद्याचे मुख्य सूत्र होते. १ एप्रिल १९९२ पासून तो परवाना बंधनकारक झाला. वजनाची रेषा २६,००० पौंडांवर, म्हणजे सुमारे पावणेबारा टनांवर ओढण्यात आली. परंतु रेषेच्या आधी एक शब्द होता आणि सारी कळ त्या शब्दात आहे. हे वाहन 'व्यापारात' वापरलेले असले पाहिजे. ज्या दुराचाराविरुद्ध कायदा केला तो धंद्यातील होता, म्हणून धंद्याबाहेरचे वाहन कायद्याच्या बाहेर राहिले. तेच मोटारघर पगारी चालकाने व्यवसायासाठी चालविले की कायदा जागा होतो. मालकाने सहलीसाठी चालविले की तो पुन्हा निजतो.

संघराज्याने सोडून दिलेली ही जागा काही राज्यांनी आपापल्या परीने भरली आहे. ती भरताना प्रत्येकाने वेगळे माप हाती घेतले. टेक्सासने वजन पाहिले. २६,००० पौंडांपुढचे मोटारघर असेल तर व्यावसायिक नसलेला, पण वरच्या वर्गाचा परवाना घ्यावा लागतो, आणि त्यासाठी लेखी परीक्षेबरोबर त्याच प्रकारच्या वाहनात रस्त्यावरची परीक्षाही द्यावी लागते. न्यूयॉर्कने त्याच वजनापुढे साध्या परवान्यावर 'आर' हा शेरा मारून घ्यावयास लावले. मेरीलँड व पेनसिल्व्हेनिया यांनीही वजनाचीच वाट धरली. कॅलिफोर्नियाने मात्र लांबी मोजली. चाळीस फुटांपर्यंतचे मोटारघर साध्या परवान्यावर चालते, मग ते कितीही वजनदार असो. चाळिसाच्या पुढे पंचेचाळीस फुटांपर्यंत व्यावसायिक नसलेला बी परवाना, परीक्षा आणि आरोग्याची प्रश्नावली लागते, आणि असे लांब वाहन निवडक मार्गांवरच नेता येते. म्हणजे एकोणचाळीस फुटांचे सोळा टनी मोटारघर लॉस एंजेलिसच्या माणसाला मोटारीसारखेच, आणि ह्यूस्टनच्या माणसाला परीक्षेचा विषय. दोघांच्या हाताखालचे ब्रेक एकसारखेच तापतात.

वजनाचा आणि लांबीचा एवढा बाऊ का करावा, असे ज्यांनी कधी मोठे वाहन हाकलेले नाही त्यांना वाटणे साहजिक आहे. म्हणून थोडे तपशिलात शिरणे भाग आहे. मोटारीच्या ब्रेकमध्ये तेलाचा दाब असतो. पाय टेकताच चाक धरले जाते. मोठ्या मोटारघरांत हवेचे ब्रेक असतात. इंजिनावर चालणारा पंप टाक्यांत हवा भरतो आणि पाय टेकल्यावर ती हवा नळ्यांतून मागच्या चाकांपर्यंत पोहोचावी लागते. या पोहोचण्याला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. अर्धा सेकंद म्हणजे काही नाही, असे वाटेल. अमेरिकेतील व्यावसायिक चालकांच्या पाठ्यपुस्तिकेत त्याचा हिशेब दिलेला आहे. ताशी ५५ मैलांच्या वेगात एवढ्या विलंबात वाहन सुमारे ३२ फूट पुढे निघून जाते. धोका ध्यानात येणे, पाय हलणे, हवा पोहोचणे आणि प्रत्यक्ष ब्रेक लागणे हे सारे मिळून, कोरड्या रस्त्यावर आणि ब्रेक उत्तम असताना, साडेचारशे फुटांहून अधिक अंतर जाते. हे पुस्तक बसच्या चालकाला वाचावेच लागते. मोटारघराच्या मालकाला फ्लॉरिडात कोणी ते वाचावयास सांगत नाही.

शिवाय टाकीतील दाब उतरला तर काय होते, हेही ठाऊक असावे लागते. आधी घंटा वाजते किंवा दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष केले आणि हवा आणखी कमी झाली तर स्प्रिंगचे ब्रेक आपोआप आवळतात आणि वाहन आहे तेथे, मग तो महामार्गाचा मध्य असला तरी, थांबते. ही रचना माणसाच्या रक्षणासाठीच आहे, पण जो तिला ओळखत नाही त्याला ती बिघाड वाटते. उताराची गोष्ट तर आपल्याकडच्या कोणाही जुन्या चालकाला विचारावी. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावयाची आणि इंजिनाकडून ती रोखून घ्यावयाची. नुसत्या ब्रेकवर भार टाकला तर ते तापतात, आणि तापलेला ब्रेक पायाखाली असूनही नसल्यासारखा होतो. बोरघाटात किंवा कसाऱ्यात उतरणाऱ्याला हे शिकविणारा उस्ताद शेजारी बसलेला असे. रॉकी पर्वतातून खाली येणाऱ्या निवृत्त विमा प्रतिनिधीच्या शेजारी बहुधा त्याची पत्नी नकाशा घेऊन बसलेली असते.

उरली उंची आणि शेपूट. मागच्या चाकांच्या मागे आठ-दहा फूट शरीर लोंबत असेल, तर उजवीकडे वळताना ते डावीकडे झेपावते. पेट्रोल पंपाच्या खांबाला घासला तो कोपरा हाच. उंचीविषयी एक ठिकाण जगप्रसिद्ध आहे. उत्तर कॅरोलायनातील डरॅम शहरात ग्रेगसन स्ट्रीटवर रेल्वेचा एक जुना पूल होता. त्याची रस्त्यापासूनची उंची ११ फूट ८ इंच. पुढे फलक होते, लुकलुकणारे दिवे होते. तरीही वाहनांची छपरे तेथे डब्याचे झाकण काढावे तशी सोलून निघत. समोरच्या इमारतीतून २००८ पासून त्याचे चित्रण होत असे. अखेर २०१९ साली पूलच आठ इंचांनी उचलण्यात आला. या पुलाचे बळी कोण होते, हे पाहण्यासारखे आहे. त्यांत धंदेवाईक मालमोटारींपेक्षा घरसामान हलविण्यासाठी भाड्याने घेतलेले बंदिस्त ट्रक पुष्कळ होते, आणि छपरावरचे वातानुकूलन यंत्र गमावलेली मोटारघरेही होती. ज्याला आपले वाहन किती उंच आहे हे रोज सांगावे लागत नाही, तो माणूस पुलाखाली शिरताना मोटारीच्याच सवयीने शिरतो.

भाड्याच्या या ट्रकांचे वजन साधारणतः कोठे थांबते? २६,००० पौंडांवर, किंवा त्याहून एक पौंड कमी. वाहनाला त्या वजनाची गरज असते म्हणून नव्हे, तर कायद्याची रेषा तेथे आहे म्हणून. कायदा रेषा ओढतो आणि कारखाने तिच्या काठाकाठाने वसाहत करतात. युरोपात याचे दुसरे, अधिक विचित्र रूप दिसते.

युरोपात साध्या मोटारीच्या परवान्याची सीमा कितीतरी खाली, ३,५०० किलोंवर आहे, आणि वाहन धंद्याचे की हौसेचे हे तेथे विचारीत नाहीत. मुख्याध्यापकांच्या मुलाने चालविलेले साडेसहा टनांचे वाहन ब्रिटनमध्ये त्याच्या वयाच्या माणसाला सी-१ या वेगळ्या परवान्याशिवाय चालविता आले नसते. १ जानेवारी १९९७ पूर्वी ज्यांनी मोटारीची परीक्षा दिली त्यांना साडेसात टनांपर्यंतचा अधिकार त्याच परवान्यात मिळालेला आहे. त्यानंतरच्यांना तो स्वतंत्र परीक्षेने मिळवावा लागतो. जुन्या लोकांचाही हा अधिकार सत्तरीला गळून पडतो. पुढे चालू ठेवावयाचा तर डॉक्टरांकडून दृष्टीची व शरीराची तपासणी करून घ्यावी लागते. मोटारघर घेणाऱ्यांत सत्तरीच्या आसपासचे लोक किती असतात हे लक्षात घेता, ही अट अनेकांना जिव्हारी लागते. पण तिच्यात अपमानास्पद असे काही नाही. डोळ्यांना वय होते, वाहनाला होत नाही.

ब्रिटनच्या व्यवस्थेत मला विशेष पटते ते आणखी एक. पोटासाठी मालमोटार किंवा बस चालविणाऱ्याला तेथे परवान्याखेरीज व्यावसायिक पात्रतेचे प्रमाणपत्र लागते आणि दर पाच वर्षांत ३५ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. हौशी मोटारघरवाल्याला ते लागत नाही. म्हणजे वाहन हाकण्याचे कौशल्य ही एक गोष्ट, आणि रोज आठ-दहा तास ते हाकून उपजीविका करण्याची शिस्त ही दुसरी, असा भेद तेथे केला आहे. पहिलीची परीक्षा दोघांना सारखी, दुसरीची फक्त एकाला. अमेरिकेच्या संघराज्याने या दोन गोष्टी एकाच मोटेत बांधल्या, आणि हौशी माणसाला दुसरीतून योग्यपणे मोकळे करताना पहिलीतूनही सोडून दिले.

अर्थात युरोपची रेषाही निर्दोष नाही. साध्या परवान्याचे गिऱ्हाईक गमावू नये म्हणून कारखानदार मोटारघराचे नोंदलेले वजन कसेबसे ३,५०० किलोंत बसवितात. रिकामे वाहनच तीन टनांच्या पुढे गेलेले असते. मग पाण्याची टाकी भरली की शंभर किलो, दोन प्रौढ आणि दोन मुले चढली की अडीचशे, त्यावर गॅसची नळकांडी, सायकली, छत्री, खुर्च्या, कुत्रा. कागदावर हलके असलेले वाहन रस्त्यावर जड होऊन जाते आणि त्याचे टायर त्या वजनासाठी केलेले नसतात. सुरक्षिततेसाठी ओढलेल्या रेषेने असुरक्षित भार निर्माण केला. युरोपीय संघाने २०२५ साली संमत केलेल्या नव्या निर्देशानुसार साध्या परवान्यावर ४,२५० किलोंपर्यंतचे मोटारघर चालविता येणार आहे, पण प्रशिक्षण घेऊन किंवा परीक्षा देऊन. सदस्य देशांना तो आपापल्या कायद्यांत उतरविण्यास काही वर्षांची मुदत आहे. रेषा सरकविली, पण तिच्यासमोर दार ठेवले. हे मला शहाणपणाचे वाटते.

उलट बाजूलाही बोलावयास पुष्कळ आहे, आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मोटारघराचा मालक घाईत नसतो. त्याला पहाटेपर्यंत माल पोहोचवावयाचा नसतो. पाऊस पडला तर तो थांबतो, रात्र झाली तर निजतो. ज्याने आयुष्याची कमाई त्या वाहनात घातली आहे तो त्याला पगारी चालकाहून अधिक जपतो. त्याच्यावर नवी परीक्षा लादण्याआधी तो खरोखर अधिक अपघात करतो असे आकड्यांनी दाखवा, अशी मागणी तेथील मोटारघरवाल्यांनी केली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही. माझे म्हणणे एवढेच की हा युक्तिवाद स्वभावाविषयी आहे. सावध माणसालाही हवेच्या ब्रेकचे बत्तीस फूट चुकत नाहीत. एक लेखी परीक्षा आणि त्याच प्रकारच्या वाहनात रस्त्यावरची परीक्षा, ही टेक्सासची तरतूद ज्याला जाच वाटते, त्याने ती बसच्या चालकाला काय काय द्यावे लागते याच्याशी ताडून पाहावी.

आणि हा प्रश्न आता अमेरिका-युरोपपुरता राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कोकणातील किनाऱ्यावर आणि सह्याद्रीत चाकांवरची घरे हिंडू लागली आहेत. बहुतेक व्हॅनच्या किंवा लहान बसच्या आकाराची आहेत आणि त्यांतील कित्येकांबरोबर चालकही मिळतो. आपल्याकडे १९८८ च्या मोटारवाहन कायद्याने हलक्या वाहनाची मर्यादा ७,५०० किलोंवर ठेवली आहे. ती ब्रिटनच्या दुपटीहून अधिक आहे. मुख्याध्यापकांचे ते साडेसहा टनी मोटारघर येथे आणले असते, तर मुलाचा मोटारीचा परवाना येथेही वजनाच्या मापाने पुरेसा ठरला असता.

याच साडेसात टनांवरून आपल्याकडे कित्येक वर्षे न्यायालयीन वाद चालला. मोटारीचा परवाना असलेल्याने तेवढ्याच वजनाचे भाड्याचे वाहन चालविले, तर त्यावर वेगळ्या शेऱ्याची गरज आहे काय? विमा कंपन्या म्हणत होत्या, आहे, आणि शेरा नाही म्हणून अपघातग्रस्तांना भरपाई देण्यास आक्षेप घेत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली मुकुंद देवांगन खटल्यात गरज नाही असे सांगितले, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बजाज अलियान्झ विरुद्ध रंभा देवी या खटल्यात तेच कायम केले. असे चालक अधिक अपघात करतात हे दाखविणारी आकडेवारी कोणी पुढे आणली नाही, याचीही न्यायालयाने नोंद घेतली. निकालाचा अर्थ उघड आहे. साडेसात टनांच्या आत वाहन भाड्याचे की घरचे याला परवान्यापुरते महत्त्व नाही. टेम्पो चालवून पोट भरणाऱ्या हजारो माणसांना त्यामुळे दिलासा मिळाला, आणि तो योग्य होता.

आता याच न्यायाची दुसरी बाजू पाहू. साडेसात टनांच्या पुढे काय? तेथे वाहतूक वाहनाचा परवाना लागतो. त्यासाठी वय वीस पूर्ण हवे, हलके वाहन चालविण्याचा परवाना किमान एक वर्ष जुना हवा, वैद्यकीय प्रमाणपत्र हवे. मात्र वाहतूक वाहन म्हणजे काय, याची कायद्याची व्याख्या सार्वजनिक सेवेचे वाहन, मालवाहू वाहन, शैक्षणिक संस्थेची बस आणि खासगी सेवेचे वाहन एवढ्यांवर संपते. आणि केंद्र सरकारच्या २००४ सालच्या अधिसूचनेत, खासगी वापराची कॅम्पर व्हॅन स्पष्टपणे वाहतूक नसलेल्या वाहनांच्या यादीत आहे. म्हणजे उद्या एखाद्या हौशी उद्योगपतीने बसच्या सांगाड्यावर बारा टनांचे घर बांधून घेतले, तर ते वजनामुळे हलके वाहन नाही आणि वापरामुळे वाहतूक वाहनही नाही. त्याला कोणता परवाना लागेल? कायद्याच्या दहाव्या कलमात परवान्यांचे जे प्रकार दिले आहेत त्यांच्या अगदी तळाशी 'विनिर्दिष्ट वर्णनाचे मोटारवाहन' असा एक शेवटचा खण आहे. अशा घराला त्याच खणात जागा शोधावी लागेल. त्याची परीक्षा काय असावी, ती कोणत्या वाहनात घ्यावी, हवेच्या ब्रेकचे प्रश्न विचारावे की नाही, हे त्या खणात लिहिलेले नाही.

अशी वाहने आज आपल्या रस्त्यांवर मोजकीच आहेत. हे लिहावयास तीच वेळ बरी असते, कारण अमेरिकेत आता एवढी मोटारघरे झाली आहेत की नवी परीक्षा घालू म्हणणाऱ्या आमदाराला आधी त्यांच्या मालकांची मते मोजावी लागतात. आपल्या परिवहन खात्याला तूर्त ती अडचण नाही. मुख्याध्यापकांना मी हे सारे सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आमच्या चिरंजीवांनी काय करावे?" मी म्हटले, पुढच्या वेळी गाडी ताब्यात घेतल्यावर एखाद्या बाजाराच्या मोकळ्या आवारात तासभर वळवून पाहावी, आणि छपराची उंची एका चिठ्ठीवर लिहून चालकाच्या समोरच्या काचेवर चिकटवावी. मुख्याध्यापक म्हणाले, "चिठ्ठी मीच लिहून देतो. अक्षर माझे चांगले आहे."